विद्यार्थी येथे हसतील

घोषणाताईंना जेवायला हाक मारणं ठाऊकच नाही. त्या जेवण जाहीर करतात. "जेवण तयार आहे." मग श्वास घेण्यापुरती जागा. "जेवण तयार आहे." दुसऱ्या खेपेला तोच सूर, तोच हेल, एक मात्रा इकडची तिकडे नाही. खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा हात धुवायला उठतात आणि मग त्यांना आठवतं, की आपल्या गॅसवर अजून भांडंही चढलेलं नाही. त्यांच्या सासूबाई आल्यागेल्याला सरळ सांगतात, "आमच्या सुनेला एकदा सांगितलेलं कळतं हो, पण एकदा सांगता येत नाही."

त्यात बाईंचा दोष नाही. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली रद्द झाली, कुठली उशिरा येणार, हे सगळं आधी आपल्या भाषेत आणि मग इंग्रजीत, प्रत्येक गोष्ट दोनदा. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही माणसाला क्षणभर बरं वाटावं. इंग्रजीतली त्यांची वाक्यं मोजकी, पण घोटून घोटून अशी गुळगुळीत झालेली, की परदेशी पाहुणेसुद्धा काचेपाशी येऊन बघून जायचे, बोलतंय कोण म्हणून.

याच आवाजापायी एक तरणाबांड ड्रायव्हर आपली गाडी वेळेवर आणायला लागला. कारण एकच. त्या आवाजाने आपल्या गाडीला "उशिरा" म्हणू नये. इतकं मनावर घेतलेलं प्रेम वाया कसं जाणार? लग्न झालं. आणि लग्नानंतर गाडी पुन्हा उशिरा यायला लागली. आता घरीच ऐकून घ्यायचं होतं, मग स्थानकावर कशाला घाई करायची, असा त्या गृहस्थांचा हिशेब असावा. मिशी तेव्हा पातळ होती, आता ती हँडलसारखी दोन्हीकडून वळलेली आहे. इमारतीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात. आजही दवाखान्याच्या मार्गावरची सकाळची गाडी त्यांच्याकडेच आहे.

तर एके दिवशी स्थानकाच्या मोठ्या साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचा आवाज कायमचा जपून ठेवायचाय." बाई हरखल्या. ठेवणीतले कपडे घालून त्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका बंद खोलीत जाऊन बसल्या आणि सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, सगळे "उशिरा" आणि सगळे "रद्द" त्यांनी यंत्रात बोलून ठेवले. फुलांचा गुच्छ मिळाला. फोटो निघाला. पुढच्याच महिन्यात साहेब म्हणाले, "आता तुम्ही रोज यायची गरज नाही."

"सवत आणायची होती तर निदान परक्या आवाजाची तरी आणायची," असं त्या घरी येऊन म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या खऱ्या. पण भाजी आणायला गेल्या, की रस्त्यापलीकडून स्थानकावरचा त्यांचाच आवाज ऐकू यायचा, खणखणीत, गोड, आणि त्या आवाजाला त्यांची काडीचीही गरज नसायची. त्या पिशवी हातात धरून दुसरी खेप संपेपर्यंत उभ्या राहायच्या. भाजीवाली म्हणायची, "काय झालं ताई?" त्या म्हणायच्या, "काही नाही. टोमॅटो द्या. टोमॅटो द्या."

घरी बसून महिनाभर त्यांनी खिडक्या पुसल्या. खिडक्या संपल्या तेव्हा शेजाऱ्यांच्या पुसायला घेतल्या. मग कुणाच्या तरी तोंडून त्यांना कळलं, की भाषावर्गाच्या संस्थेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना तयार करतात. त्या संस्थेत संध्याकाळी कामावरून सुटलेली मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात, म्हणजे बेकरीतली, दवाखान्यातली, लिफ्ट चालवणारी, ज्यांना परक्या साहेबाशी चार शब्द बोलायची वेळ येते अशी. शिकाऊ शिक्षकांनी त्यांच्यावरच पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर सरांनी बसून बघायचं. असे तीन पाठ. एक जरी चांगला झाला तरी प्रमाणपत्र, आणि वर नवशिक्यांचा संध्याकाळचा वर्ग आपला. तिन्ही फसले तर राम राम.

"तुला कशाला हवं हे या वयात?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

ताईंनी खिडकीचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं बोलले. पण एकालाही मला उलट काही विचारता आलं नाही. काच होती ना मधे."

"मी विचारायचो की!"

"तुम्ही 'जेवायला काय आहे' विचारायचात."

आता संस्थेतलं सांगायला हवं. तिथले सर वयाने ताईंच्या मुलासारखे, पण दाढी अशी राखलेली, की वय विचारायची छाती होऊ नये. लांबून स्कूटरवर यायचे. त्यांना राग एकाच गोष्टीचा. शिकाऊ शिक्षकांचं लिखाण! पाठ घ्यायच्या आधी त्याचं टाचण लिहून द्यायचं असतं. डाव्या रकान्यात शिक्षक काय करणार, उजव्या रकान्यात विद्यार्थी काय करणार. टाचण अर्थातच इंग्रजीत लिहायचं. इथे आपण आपल्या भाषेत सांगू, नाहीतर मजा जाईल. दर सोमवारी सर आठवड्याचं पीक वर्गात वाचून दाखवायचे. नावं घ्यायचे नाहीत, पण ज्याचं असेल त्याचे कान लाल व्हायचे, त्यामुळे नावं घ्यायची गरजही नसायची.

"'या तासानंतर विद्यार्थ्यांना इंग्रजी भाषेची गोडी लागेल.' गोडी किती लागली ते कशाने मोजणार? चमच्याने?"

"'हे ज्ञानपिपासू विद्यार्थी आकांक्षेच्या अथांग सागरात...' अहो, ते विद्यार्थी नऊ तास उभं राहून आलेत. त्यांना सागरात कशाला लोटताय? खुर्ची द्या."

"'मुलांनो, दप्तरं मिटा.' हे कुणाचं? वर्गातला सगळ्यात लहान मुलगा छत्तीस वर्षांचा आहे. टाचण चोरायचं असेल तर निदान वय बघून चोरा!"

"आणि हे तर सगळ्यांचंच आहे. 'शिक्षक विचारेल, समजलं का? विद्यार्थी म्हणतील, हो.' तुमच्या मनातले विद्यार्थी फार गुणी आहेत. असे मलाही द्या दोनचार."

ताईंच्या पहिल्या टाचणाची गोष्ट मात्र निराळी होती. डावा रकाना शिगोशीग भरलेला. आपण काय बोलणार ते शब्दन् शब्द, कुठे थांबणार, कुठे श्वास घेणार, सगळं. प्रत्येक वाक्य दोनदा. आणि उजव्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. "विद्यार्थी ऐकतील." "विद्यार्थी ऐकतील."

सरांनी टाचण उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. "ताई, यात विद्यार्थी करणार काय?"

"ऐकतील ना, सर."

"आणि?"

"आणि... लक्ष देतील."

पहिला पाठ झाला तोही तसाच. ताई बोलल्या, अगदी स्वच्छ, अगदी गोड, सगळं दोनदा, आणि वर्ग चिडीचूप. पण गंमत अशी, की ताईंकडे कुणी बघतच नव्हतं. समोर बसलेली बेकरीवाली बाई, तिच्या मागचे लिफ्टवाले आजोबा, बाजूची दवाखान्यातली आया, सगळ्यांच्या माना किंचित वर, नजर छताच्या कोपऱ्याकडे. आजोबांनी तर मधेच पिशवी उचलून मांडीवर घेतली, जणू आता उठायचंच आहे. सरांनी शेरा लिहिला, "आवाज उत्तम. उच्चार उत्तम. एकही विद्यार्थी बोलला नाही. विद्यार्थी छताकडे का बघतात?" दुसऱ्या पाठालाही तेच. माना वर, तोंडं बंद. सरांनी छताला काही लागलंय का हे खुर्चीवर चढून पाहिलं म्हणतात. पाल वगैरे. काही नव्हतं.

"ताई, आता एकच पाठ उरला," सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. हे बोलताना त्यांनी स्वतःची दाढी ओढली. "दोन गोष्टी सांगतो. एक, उजव्या रकान्यात माणसं दिसू द्या. दुसरी, सगळं एकदाच बोला. दोनदा सांगणार हे कळलं, की पहिल्यांदा कोण ऐकेल?"

"बरं, सर. बरं, सर."

सरांनी पुन्हा दाढी ओढली.

ताईंच्याच बरोबर शिकणारी एक पोरगी होती, दहा नखांना दहा रंग लावणारी. तिचे दोन पाठ झकास झालेले. ती जिन्यात ताईंना म्हणाली, "काकू, एवढं मनावर नका घेऊ. पाठानंतर आत्मपरीक्षण लिहून द्यायचं असतं ना, पाठ कसा झाला, काय चुकलं? ते मी तर आदल्या दिवशीच लिहून ठेवते. 'पाठ अत्यंत यशस्वी झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' पेनाला उगाच घाई नको."

"आणि प्रतिसाद नाही दिला तर?"

"काकू, कागदावर तर दिला ना!"

ताई घरी आल्या त्या उजवा रकाना भरायचा निश्चय करूनच. आणि एकदा भरायला बसल्यावर बाईंनी तो असा भरला, की टाचणाचं नाटक झालं. पाठ होता कारण विचारण्याचा आणि कारण सांगण्याचा, इंग्रजीतला 'व्हाय' आणि 'बिकॉज'. ताईंनी एक चित्र काढलं. छत्री घेऊन निघालेलं मांजर. शिक्षक विचारेल, मांजराने छत्री का घेतली? आजोबा उत्तर देतील, कारण पाऊस आहे. आया म्हणेल, कारण त्याला भिजायला आवडत नाही. बेकरीवाली मान डोलावेल. मग शिक्षक म्हणेल, नाही, कारण छत्री त्याच्या बायकोने दिली! आणि त्याच्यापुढे उजव्या रकान्यात, ठसठशीत अक्षरात, "विद्यार्थी येथे हसतील."

तालीम घरीच लागली. ड्रायव्हरसाहेब आजोबा झाले, सासूबाई आया, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना बेकरीवाली म्हणून ओढून आणलं. या वहिनी म्हणजे साऱ्या इमारतीच्या बातम्यांचं उगमस्थान, तेव्हा पुढचं सगळं खरंच मानायला हवं.

"हं. मी विचारते. मांजराने छत्री का घेतली?"

"कारण पाऊस आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि लगेच हसले.

"अहो, इथे नाही हसायचं! पुढे आहे हसणं."

"हसून घेतलं. पुढे विसरलो तर?"

"आई, आता तुम्ही."

सासूबाई चित्राकडे बारकाईने बघत होत्या. "मांजराला छत्री दिली कोणी?"

"ते पुढे आहे, आई. तुम्ही म्हणा, कारण त्याला भिजायला आवडत नाही."

"मग घरात बसावं. छत्री कशाला? आणि बायको कुठंय त्याची? एकटंच सोडलं त्याला?"

"आई!"

"बरं, बरं. त्याला भिजायला आवडत नाही. पण मला पटलेलं नाही हो."

वहिनींनी मान डोलावली. त्यांचं काम तेवढंच होतं, पण मांजराच्या बायकोचा विषय निघाल्यावर त्यांना राहवलं नाही. "सासूपासून वेगळे राहत असतील दोघं," त्या म्हणाल्या. यावर मात्र सगळे हसले, पोट धरून, सासूबाईसुद्धा. ताईंनी टाचण पाहिलं. इथे हसणं लिहिलेलं नव्हतं. त्या इतक्या हिरमुसल्या, की ड्रायव्हरसाहेबांनी हसू आवरून विचारलं, "फार महत्त्वाचं आहे का हे?"

"आता हे नाही झालं तर मी पुन्हा खिडक्या पुसायच्या," ताई म्हणाल्या. "माझाच आवाज ऐकत. बोलणारी मी, ऐकणारीही मीच."

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत सरसावून बसले. मग म्हणाले, "पुन्हा घे. मी बरोबर जागेवर हसतो." आणि खरंच त्यांनी सगळी संध्याकाळ बरोबर जागेवर हसून दिलं. शेवटी शेवटी ते हसणं ऐकून कुणाला रडू यावं असं झालं होतं, पण जागा चुकली नाही. निजण्याआधी ताईंनी, पोरीचं ऐकून, उद्याचं आत्मपरीक्षणही लिहून पर्समध्ये टाकलं. "पाठ यशस्वी झाला. विद्यार्थी हसले."

तिसऱ्या पाठाच्या संध्याकाळी वर्गात नेहमीचीच मंडळी होती. बेकरीवाली पुढच्या बाकावर, नखांच्या कडेला पीठ. आया चपला काढून पाय चोळत बसलेली. आजोबांनी गणवेशाची टोपी बाकावर उपडी ठेवली होती. मागच्या बाकावर सर, मांडीवर कागद, पेन टोपण काढून तयार.

ताईंनी मांजर फळ्याला लावलं. सगळ्यांना गुड इव्हनिंग म्हटलं. एकदा. दुसरं गुड इव्हनिंग घशापर्यंत आलं होतं, ते गिळलं. मग इंग्रजीत विचारलं, "मांजराने छत्री का घेतली?"

माना वर गेल्या. छताचा कोपरा.

ताईंनी टाचण पाहिलं. इथे आजोबा बोलणार होते. आजोबांनी पिशवी मांडीवर घेतली. आया बोलणार होती. आयाने चपला घातल्या. ताईंनी घाईघाईने बायकोचा विनोदही सांगून टाकला. ठसठशीत अक्षरातली जागा आली आणि गेली. कुणीही हसलं नाही. सरांचं पेन कागदावर टेकलं.

आणि मग ताईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रसंग आला. एकदा बोलून झालं होतं आणि दुसऱ्यांदा बोलायचं नव्हतं. एरवी ही जागा त्यांनी दुसऱ्या खेपेने भरून काढली असती, डोळे मिटून, सवयीने. आता ती जागा तशीच पडून राहिली. पंखा फिरत होता. ताईंनी जीभ दाताखाली धरली. माइकवर इतका वेळ गप्प राहिलं असतं तर स्थानकाचे मोठे साहेब धावत आले असते. त्या गप्पच राहिल्या.

बेकरीवाली चुळबुळली. तिने छताच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग ताईंच्या तोंडाकडे, मग पुन्हा छताकडे. दुसरी खेप यायला हवी होती आणि आली नव्हती. तिने हळूच बोट वर केलं, कोपऱ्याकडे रोखलं, मग ताईंकडे.

"मॅडम," ती म्हणाली. "यू... बस?"

ताईंना आधी कळेना. "सॉरी?"

"बस. स्टँड. अप." आता तिने दोन्ही हातांचा भोंगा केला आणि तो डोक्यावर धरला. "यू?"

तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात उजेड पडला. ही सगळी माणसं रोज सकाळ-संध्याकाळ स्थानकावर उभी राहत होती, खांबावरच्या कर्ण्याकडे मान वर करून, हाच आवाज ऐकत. आणि कर्ण्याला कुणी उत्तर देतं का? कर्णा बोलला, की गप्प राहायचं, दुसऱ्यांदा सांगेपर्यंत थांबायचं आणि पिशवी उचलायची! स्कूटरवरून येणाऱ्या सरांना हे कसं ठाऊक असणार?

"येस," ताई म्हणाल्या. "बस. आय."

वर्गातल्या साऱ्या माना एकदम खाली आल्या. पहिल्यांदाच सगळे त्यांच्याकडे बघत होते, काचेतून नव्हे, समोरासमोर. आणि बेकरीवालीचा चेहरा बदलला. वर्षानुवर्षं पोटात साठलेलं काहीतरी वर येत होतं. ती चक्क उभी राहिली.

"व्हाय लेट?"

"सॉरी?"

"एव्हरी डे! मॅडम से, बस लेट. बस लेट." तिने दोनदा म्हणताना ताईंचा हेलसुद्धा हुबेहूब काढला. "व्हाय?"

मग काय, धरण फुटलं. आजोबा टोपी हातात घेऊन उठले. सकाळची दवाखान्याची बस, ते म्हणाले, जमेल तसं, हातांनी आणि शब्दांनी. आय रन. ड्रायव्हर सी मी. ड्रायव्हर गो! व्हाय? आया म्हणाली, थांबा, मला ठाऊक आहे. "ड्रायव्हर ड्रिंक टी," ती म्हणाली आणि हवेत पेला धरून घुटके घेतले. "आय सी. बस लेट, बिकॉज टी!"

"बिकॉज!" मागच्या बाकावरून सरांच्या तोंडून निसटलं.

"यस! बिकॉज टी. बिकॉज टॉक, टॉक, टॉक." आयाने नाकाखाली दोन्ही बाजूंना बोटं वळवून भलीमोठी मिशी काढली. "धिस ड्रायव्हर."

मिशी पाहून ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. टाचणात हे नव्हतं. डाव्या रकान्यात नव्हतं, उजव्यात नव्हतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, उत्तर हवं म्हणून. आजवर त्यांच्याकडे कुणी उत्तर मागितलं नव्हतं.

"दॅट ड्रायव्हर," ताई म्हणाल्या, लाल होत, एकदाच, "इज माय हजबंड."

बेकरीवालीने तोंडावर हात घेतला, पिठासकट, आणि वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातल्या माणसांनी दार उघडून पाहिलं. आजोबांना ठसका लागला. आया ताईंचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सॉरी मॅडम, सॉरी, बट टी इज ट्रू." आणि मग सगळ्यांना सगळंच विचारायचं होतं. घरीपण लेट? व्हाय यू मॅरी? ताईंनी खडू घेतला आणि जो जे बोलेल ते फळ्यावर लिहायला लागल्या, मोडलेलं नीट करून. लोक वाचत होते, उत्तरं देत होते, एकमेकांना दुरुस्त करत होते, आणि छत्रीवाल्या मांजरावर कुणीतरी अलगद पिशवी टांगली होती.

पाठ संपला. मंडळी जिन्यावरसुद्धा बोलतच उतरली. सर पुढे आले, हातात ताईंचं टाचण.

"ताई, यातलं काय झालं?"

"काहीच नाही, सर. मांजर तसंच राहिलं."

"राहिलं ते बरंच झालं." सरांनी चेहरा कोराच ठेवला होता. "आत्मपरीक्षण?"

ताईंनी पर्स उघडली. घडी घातलेला कागद बाहेर काढला. पाठ यशस्वी झाला, विद्यार्थी हसले. आणि बघा, ते खरंही ठरलं होतं! द्यायचा आणि सुटायचं. सर हात पुढे करून उभे होते. ताईंनी कागद वाचला, पुन्हा घडी घातली आणि पर्समध्ये परत टाकला.

"दहा मिनिटं द्या, सर."

बाकावर बसून त्यांनी जे लिहिलं ते असं. "टाचणाप्रमाणे काहीही झालं नाही. मी एकदा बोलले आणि गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड गेलं. मग ते बोलले. माझ्या टाचणातल्या आजोबांना फक्त पाऊस माहीत होता, वर्गातल्या आजोबांची बस चुकते. विद्यार्थी माझ्या विनोदाला हसले नाहीत, माझ्या नवऱ्याला हसले. पुढच्या पाठाला नवरा आणावा असा विचार आहे."

सरांनी वाचलं. दाढीत काहीतरी हललं. मग त्यांनी खाली शेरा लिहिला आणि कागद ताईंसमोर ठेवला. "पाठ उत्तीर्ण. टाचण अनुत्तीर्ण, उजवा रकाना पुन्हा लिहावा, विद्यार्थी खरोखर जे बोलले तेच. नवरा आणू नये, पाठाला उशीर होईल."

घरी ड्रायव्हरसाहेब दारातच उभे होते. मागे सासूबाई, त्यांच्या मागे वहिनी.

"काय झालं?"

"पास."

"हसले का? मांजराला?"

"तुम्हाला हसले."

सगळं ऐकल्यावर साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. "भर वर्गात माझी अब्रू काढलीस! नाव सांगितलंस?"

"नाव कुणीच नाही घेतलं."

"मग?"

"मिशी सांगितली त्यांनी."

सासूबाई म्हणाल्या, "मी लग्नाआधीच सांगत होते, ती मिशी एक दिवस नडणार." वहिनी बातमी घेऊन खाली पळाल्या. आणि साहेब जरा वेळ फुरंगटून बसले, मग हळूच म्हणाले, "त्या आजोबांना सांग, उद्यापासून मी थांबेन."

"तुम्हीच सांगा. इंग्रजीत."

संध्याकाळचा वर्ग ताईंना मिळाला. टाचण त्या अजूनही लिहितात, डावा रकाना छोटा, उजवा मोठा, आणि उजव्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. त्याबद्दल सर कुरकुरतात. दोनदा बोलायची खोड वर्गात पुष्कळ कमी झाली. घरी जेवण मात्र अजून दोनदाच जाहीर होतं.

परवा त्या भाजी घेत होत्या आणि रस्त्यापलीकडून आवाज आला. त्यांचाच. दवाखान्याकडे जाणारी गाडी थोड्या विलंबाने सुटेल. ताई पिशवी धरून थबकल्या. पलीकडे खांबाखाली आजोबा, बेकरीवाली, आया उभे होते, माना वर करून.

"व्हाय?" आजोबांनी कर्ण्याला विचारलं, चांगलं खड्या आवाजात.

"बिकॉज टी!" दोघी ओरडल्या.

टपरीपाशी ड्रायव्हरसाहेबांनी अर्धा पेला तसाच खाली ठेवला आणि मिशी पुसत गाडीकडे पळत सुटले. फलाटावरचे अनोळखी लोकसुद्धा आता काहीबाही विचारायला लागले होते. कर्ण्याने मघाचीच घोषणा पुन्हा केली, तोच सूर, तोच हेल. या खेपेला ती कुणीच ऐकली नाही. सगळे बोलत होते.

"काय देऊ ताई?" भाजीवालीने विचारलं.

"टोमॅटो," ताई म्हणाल्या.